गोदाच्या बाकाभोवतीची रेघ

वेस्ट मांबलम, मद्रास ३३
शुक्रवार, २ फेब्रुवारी १९६२

ती. अलकनंदाताईस,
विद्युलतेचा नमस्कार.

(वरच्या दोन ओळींसाठी चार कागद फाडावे लागले. तू माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. आठ महिन्यांना तीर्थरूप लागतं का, आणि साष्टांग घालावा की नुसता नमस्कार पुरे, हे आईला विचारलं. ती म्हणाली, काहीही घाल, पण पत्र टाक एकदाचं.) इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. तुझी आणि घरच्यांची तब्येत चांगली असेल असं धरून चालते. तुझी मुलगी येत्या जूनमध्ये शाळेत जाणार असं आईला कोणाच्या तरी पत्रातून कळलं. तुझे मामा अजून पावणेदहाला रेल्वेच्या कचेरीत पोचतात. आईचे गुडघे दुखतात, पण जिना रोज तीन वेळा चढते. इथले डास मिरजेच्या डासांपेक्षा आकाराने लहान असून कामाला जास्त आहेत. परवाच्या अष्टग्रहीमुळे आख्खी गल्ली घाबरलेली आहे. समोरच्या घरात तीन दिवसांचा होम चालू असून धूर सगळा आमच्या स्वयंपाकघरात येतो. आई मला म्हणाली, आठ ग्रह एका राशीत येतायत आणि तुझ्या चेहऱ्यावर भीती कशी नाही. मी तिला सांगितलं नाही, पण माझी भीती नोव्हेंबरपासून दुसऱ्या कामात अडकलेली आहे. त्याचीच हकीकत लिहिते.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मी पावणेतीन वर्षं ड्राफ्ट्समन होते, हे तुला माहीत असेल. (ड्राफ्ट्सवुमन असा शब्द नेमणुकीच्या पत्रात बसत नव्हता. टंकलेखकाने दोनदा प्रयत्न केला.) मग मालकांचा भाचा डिप्लोमा पास झाला, आणि माझं टेबल त्याच्या उंचीला बरोबर आहे असं सर्वांच्या लक्षात आलं. त्याच आठवड्यात आमच्या घरामागच्या मुलींच्या शाळेतली ड्रॉइंगची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली. हेडमिस्ट्रेस अलमेलू अम्माळ यांनी माझं सर्टिफिकेट पाहिलं. त्यावर ‘ड्रॉइंग’ हा शब्द आहे, यापुढे त्या गेल्या नाहीत. मी त्यांना इंग्रजीत प्रामाणिकपणे सांगितलं की मला फूल काढता येत नाही. फुलाचा उभा छेद काढता येईल. त्या म्हणाल्या, मुली तुला शिकवतील.

सेकंड फॉर्म म्हणजे आपली सातवी. छत्तीस मुली. पहिल्या दिवशी मी वर्गात गेले, फळ्यावर वर्तुळ काढायला वळले, आणि माझ्या पाठीमागे एक गुणगुण सुरू झाली. आवाज खालच्या पट्टीतला, विजेच्या ट्रान्सफॉर्मरसारखा. मी वळले की बंद. छत्तीस तोंडं मिटलेली, छत्तीस वह्या उघड्या, बहात्तर डोळे माझ्यावर. पुन्हा फळ्याकडे वळले की पुन्हा सुरू. माझं तमिळ भाजीवालीपुरतं आहे. त्यात मला वांगी अर्धा वीस (वीस हे इकडचं वजन) म्हणता येतं, पण गुणगुणू नका म्हणता येत नाही. तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये नाडी मोजली. एकशे आठ होती. कारखान्यात पट्टा तुटून माझ्या डोक्यावरून गेला होता तेव्हा शहाण्णव होती.

दुसऱ्या दिवशी मला रेघ दिसली. शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ एक बाक, त्यावर एकच मुलगी, आणि त्या बाकाभोवती जमिनीवर खडूची रेघ. मी आधी समजले की रंगकामासाठी कोणी खूण केली असेल. (खूण चांगली होती. चारही कोपरे काटकोनात.) मग लक्षात आलं की त्या रेघेच्या आत कोणी पाऊल टाकत नाही. वह्या गोळा करणारी मुलगी रेघेपाशी थांबते आणि आतली मुलगी आपली वही रेघेवर ठेवते. झाडणारी आया तुळसी रोज रेघ पुसते आणि रोज सकाळी प्रार्थनेच्या आत ती पुन्हा काढलेली असते. आतल्या मुलीचं नाव गोदा. तिचा गुन्हा असा की ऑगस्टमध्ये शाळेतला पृथ्वीचा गोल फुटला, अलमेलू अम्माळ यांनी वर्गाला विचारलं कोणी फोडला, आणि गोदाने सांगितलं. गोल कनकाने फोडला होता. कनका वर्गाची मॉनिटर. उंच, दोन घट्ट वेण्या, अक्षर सुरेख. रेघ तीच काढते, असं सगळ्यांना माहीत होतं. पण आता ते सांगणार कोण? एकदा सांगणारीचं काय झालं ते रोज समोर दिसत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोदाचे वडील, वादिराजराव, मला भेटायला आले. तंजावरकडचं मराठी घर. कुठल्याशा कचेरीत कारकून. मी मराठी बोलते हे त्यांना कळलं होतं आणि त्यावर त्यांनी फार मोठी आशा बांधली होती. (त्यांचं मराठी ऐकताना मला वाटत होतं की मी कोणाची तरी बखर उघडली आहे आणि ती माझ्याशी बोलते आहे.) ते म्हणाले, “अम्मा, लेकरू जेवत नाहीं. डबा तैसाच घरीं येतो. रात्रीं झोपेंत म्हणते, मी रेघेला पाय लावला नाहीं. पोंगलपर्यंत पाहतों. मग तंजावरास धाडतों, तिच्या आत्येकडे.” मी विचारलं, तिथे शाळा आहे का. ते म्हणाले, “शाळा आहे, अम्मा. पाठवणार कोण?” म्हणजे पोंगलला, इकडच्या संक्रांतीला, गोदाची शाळा संपणार होती. मी तारीख काढली. सदतीस दिवस होते.

मी अलमेलू अम्माळ यांच्याकडे गेले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि सांगितलं की मुलींना एकत्र चित्र काढायला लाव, एकत्र कामाने मन जुळतं. मला तेव्हा हा सल्ला वाटला. पुढे कळलं की हा हुकूम होता आणि त्याचा अहवालही द्यायचा होता.

पण त्याआधी मी माझ्या बुद्धीने एक गोष्ट केली. गोदाला पहिल्या बाकावर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात आले तर गोदा परत खिडकीपाशी, तिची रेघ तिच्याभोवती, आणि दुसरी नवी रेघ माझ्या टेबलखुर्चीभोवती. काटकोन तसेच उत्तम. मी रेघेच्या आत उभी होते. (आत कशी गेले ते मला आठवत नाही. रेघ खाली पाहिल्यावर दिसली.) मी सव्वीस वर्षांची, डिप्लोमाधारक, पगारी शिक्षिका. रेघ दोन बोटं रुंदीची, खडूची, ओल्या फडक्याने पुसली जाणारी. तरी मी चाळीस मिनिटं तिच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. फळा रेघेबाहेर होता, म्हणून त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळं तोंडी शिकवलं. लंबवर्तुळ तोंडी शिकवून बघ कधीतरी. मधे एकदा माझी नजर खिडकीकडे गेली. गोदा माझ्याकडेच बघत होती, एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे बघावं तशी. घंटा झाल्यावर तुळसी झाडू घेऊन आली तेव्हा मी सुटले.

यानंतर एकत्र चित्र. पहिल्या खेपेला मी सहा सहा मुलींचे गट केले, प्रत्येक गटाला एक मोठा कागद, विषय बाजार. तासाभराने पाहिलं तर गोदाच्या गटात पाच जणी चित्र काढत होत्या आणि गोदा कुंचले धूत होती. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पाण्याचा डबा हळूहळू तिच्याकडे सरकत गेला होता. बाकी गटांतही मी नीट पाहिलं, प्रत्येक गटात एक कुंचले धुणारी तयार झाली होती. म्हणजे एका गोदाच्या मी सहा केल्या. दुसऱ्या खेपेला मी काम वाटून दिलं. देवळाच्या रथाचं चित्र, छत्तीस चौकोन, प्रत्येकीला एक, कोणीही दुसरीचं करायचं नाही. सगळ्यांनी केलं. गोदानेही केलं, चाकाचा आरा, सुरेख. सकाळी चित्र चिकटवून भिंतीवर लावलेलं होतं आणि चाकाच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं. त्यातून भिंत दिसत होती. मुली त्याच्यासमोरून जात होत्या आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. रथ तरीही रथच दिसत होता, मला त्याचीच जास्त भीती वाटली. एक तुकडा काढूनही जी वस्तू उभी राहते, तिच्यातून तो तुकडा कोणीतरी काढणारच. कारखान्यात आम्ही अशा तुकड्याला शोभेचा म्हणायचो.

तेव्हा मला असं चित्र हवं होतं ज्यात शोभेचा तुकडा नाही. ते मला घराच्या दारातच सापडलं. इकडे मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात, बायका पहाटे अंगण सारवून तांदळाच्या पिठीने कोलम काढतात. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच दिसतं, पण आपण ठिपके जोडतो आणि या बायका ठिपक्यांना वळसा घालतात. एकच ओळ प्रत्येक ठिपक्याच्या चारही अंगांनी फिरून निघाली तिथे परत येते. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे ओळी एकमेकींना ओलांडतात. मी आमच्या खालच्या बाईचं कोलम कागदावर उतरवून घेतलं, पाच बाय सहा, तीस ठिपके, बोट फिरवून पाहिलं. एकच ओळ, कुठे तुटत नाही. आमच्या वर्गात छत्तीस मुली, म्हणून मी सहा ठिपक्यांची एक रांग वाढवली. प्रत्येकीला एक ठिपका. प्रत्येकीने शेजारणींना विचारायचं, तुझी ओळ माझ्याकडे कुठून येते. एकीनेही काम सोडलं तर ओळ निघाली तिथे परत येणार नाही. मला हे इतकं पटलं की त्या रात्री मी नीट झोपले. पोंगलच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, पालकांसमोर, शाळेच्या अंगणात.

सराव आम्ही व्हरांड्यात नऊ नऊ मुलींचा केला. (संपूर्ण कोलम एकदाही काढलं नाही. भाग वेगवेगळे तयार करायचे आणि जोडणी शेवटच्या दिवशी, ही आमच्या धंद्याची रीत आहे. हे वाक्य लक्षात ठेव.) गोदाच्या चारही बाजूंच्या मुलींना तिला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांनी यावर तोड काढली. त्या ठिपक्याशी बोलायला लागल्या. “ए ठिपक्या, तुझी ओळ कुठून येते?” गोदाही मान खाली घालून उत्तर द्यायची, “माझी ओळ इथून येते, असं ठिपका म्हणतो.” चार दिवस चार मुली एका ठिपक्याशी गप्पा मारत होत्या. पाचव्या दिवशी एकजण विसरली आणि “गोदा, जरा सरक” म्हणाली.  कनकाने ते पाहिलं आणि ती पुन्हा आपल्या ठिपक्याकडे वळली. तिने आणि तिच्या पाच मैत्रिणींनी शेवटची रांग मागून घेतली होती, गोदापासून जितकी लांब मिळेल तितकी.

शुक्रवार, बारा जानेवारी. तुळसीने अंगण सारवलं. मुलींनी नारळाच्या करवंट्यांतून पिठी आणली. पालक कठड्याशी उभे होते आणि त्यांत वादिराजराव छत्री घेऊन. पाऊस नव्हता. मला त्या छत्रीकडे बघवेना, प्रवासाला निघालेल्या माणसासारखी ती काखेत होती. पाऊण तासात छत्तीस ठिपके वळसे घालून झाले. दिसायला अगदी बरोबर. अलमेलू अम्माळ यांनी भाषण केलं की ही एकच ओळ आहे, जशी ही शाळा एक आहे, आणि मॉनिटरने ती बोटाने फिरून दाखवावी. कनका वाकून निघाली. गेली, वळली, गेली, आणि बघता बघता निघाली होती तिथे परत आली. निदान बारा मुलींच्या ठिपक्यांकडे ती फिरकलीसुद्धा नव्हती. ती सरळ उभी राहिली आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मैत्रिणींना म्हणाली, “टीचरची ओळ टीचरसारखीच. अर्ध्यात घरी गेली.”

आणि मग ती गुणगुण सुरू झाली, या वेळी पालकांसमोर आणि मी त्यांच्याकडे तोंड करून उभी असताना. पाच बाय सहाची जुळलेली गोष्ट सहा बाय सहा केल्यावर का तुटावी, हे मला समजेना. माझ्या हातात पिठी होती आणि ती बोटांतून गळत होती, हेही मला तुळसीने सांगितलं. अलमेलू अम्माळ यांनी खालच्या आवाजात विचारलं की हे दुरुस्त होणार आहे का. मी म्हटलं, मला माहीत नाही. (हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदाच उच्चारलं.) तेव्हा माझ्या कोपराजवळ कोणीतरी मराठीत बोललं. “टीचर, दोन्ही आंगें सारखीं झालीं कीं ओळ फुटते. घरीं अम्मा सांगते. सहांस सहा घेऊं नये.” गोदा होती.

मला न कळलेलं मी अलमेलू अम्माळ यांना सांगू शकले नाही, म्हणून ते गोदानेच सांगितलं, तमिळमध्ये, मोठ्याने, सगळ्यांसमोर. अम्माळ व्यवहारी आहेत. त्या म्हणाल्या, मग सोपं आहे, शेवटची रांग पुसून टाका, तीस पुरेत. आणि गोदाला विचारलं, ती रांग पुसली तर ओळ येईल?

ती रांग कनकाची. गुणगुण थांबली. शेवटच्या रांगेतल्या सहाजणी आपापल्या ठिपक्यापाशी उभ्या होत्या आणि तुळसीच्या हातात ओलं फडकं तयार होतं. पाच महिने जिच्याशी कोणी बोललं नाही तिच्या एका ‘हो’वर त्या सहाजणी सगळ्या गावासमोर अंगणाबाहेर जाणार होत्या. कनकाचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्यावरची भीती मी लगेच ओळखली, कारण अडीच महिने ती मी रोज आरशात बघत होते. मला हेही माहीत होतं की गोदा खोटं बोलत नाही. त्यापायीच सगळं घडलं होतं.

गोदा म्हणाली, “येईल.” मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, “एक रांग वाढवली तरी येईल.”

वाढवायला सहा माणसं हवी होती. अलमेलू अम्माळ स्वतः खाली बसल्या. (त्यांना बसवायला दोघी लागल्या, उठवायला तिघी.) तुळसी बसली, तीन शिक्षिका बसल्या आणि सहावी मी. नवी रांग शेवटच्या रांगेला लागून, त्यामुळे त्या सहाजणींना आपली बाहेरची बंद केलेली बाजू पुसून उघडावी लागली. माझा ठिपका कनकाच्या शेजारी आला. मी तिला भाजीवालीच्या तमिळमध्ये विचारलं की तुझी ओळ माझ्याकडे कुठून येते.  तिने बोटांनी माझा हात धरून पाऊण इंच डावीकडे सरकवला.

ओळ या वेळी गोदाने फिरून दाखवली. पावलं मोकळ्या जागांत टाकत, वाकून, बोट पिठीवर टेकवत. अकरा मिनिटं लागली. बेचाळीस ठिपके, प्रत्येकाच्या चारही बाजू. शेवटी ती जिथून निघाली होती तिथे आली तर तिथे कनकाचं पाऊल होतं. कनकाने पाऊल मागे घेतलं. वादिराजरावांनी छत्री काखेतून काढून कठड्याला टेकवली, आणि जाताना ती तिथेच विसरले. ती अजून माझ्याकडे आहे.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा गोदा आली होती. तिच्या बाकाभोवतीची रेघही आली होती.  मग नीट पाहिलं. रेघेच्या आत दोन बाक होते. दुसऱ्यावर कनका बसली होती आणि वही तपासत होती, जणू तिथेच जन्मली. रेघ पुसणं तिला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने ती मोठी केली होती. दुसऱ्या दिवशी आत पाच बाक. त्यानंतर अकरा. गेल्या सोमवारी रेघ चारही भिंतींच्या कडेने गेली होती आणि सगळ्या छत्तीस मुली आत होत्या. फक्त माझ्या टेबलखुर्चीला वळसा घालून मला नीटपणे बाहेर ठेवलं होतं. कोपरे काटकोनात. गुणगुण चालू आहे. तिच्यात आता गोदाचा आवाज वेगळा ओळखू येतो, जरा चढा असतो. डबा रिकामा घरी जातो. नाडी ब्याण्णव.

मोठ्यांना नमस्कार, मुलीला आशीर्वाद. पत्राला तीन दिवस लागतात, तेव्हा हे तुझ्या हाती पडलं तर जग अष्टग्रहीतून निभावलं असं समज.

तुझी,
विद्युलता

ता. क. आईला दोन सोलापुरी चादरी हव्या आहेत, गडद रंगाच्या. हे पत्र मी त्यासाठी लिहीत आहे अशी तिची समजूत आहे.

दुसरा ता. क. अलमेलू अम्माळ यांना अहवाल हवा आहे, वर्गातला छळ थांबवण्यासाठी एकत्र कलाकाम कसं वापरावं, इतर शाळांना पाठवण्यासाठी. बरंचसं लिहून झालं आहे. गट मोकळे सोडू नयेत, जो भाग गाळता येतो तो देऊ नये, शिक्षिकेने स्वतःही एक ठिपका घ्यावा. एक परिच्छेद कोरा आहे. रेघेच्या आतल्या मुलीला त्या महिन्यांत बाहेरच्या माणसाकडून काय हवं असतं. गोदाला हे मी विचारणार नाही. मला माहीत असलेल्या माणसांत हे सांगू शकणारी तू एकटी आहेस.

तिसरा ता. क. मिरजेची सातवी. रझाकारांच्या गडबडीच्या वर्षी तुला नांदेडहून आमच्याकडे पाठवलं होतं. तू ‘हो’च्या जागी ‘हौ’ म्हणायचीस आणि मुलींनी तुझं नाव निजाम ठेवलं. आपण एका ताटात जेवून निघायचो, आणि गल्लीच्या तोंडापासून मी वीस पावलं पुढे चालायचे. वीसच, मी मोजायचे. आई सांगायची, तिला ताई म्हण. मी वर्षभर म्हटलं नाही, कारण ताई म्हटलं असतं तर मुलींना नातं कळलं असतं. पहिले चार कागद मायन्याच्या अडचणीने फाडले असं वर लिहिलं आहे. त्या चारही कागदांवर ‘ताई’ हा एकच शब्द होता, आणि त्यापुढे मला काही लिहिता आलं नव्हतं. उत्तर नाही आलं तर मी चादरींचं आईला काहीतरी सांगेन. पोस्टमन इथे अकराला येतो.